माझ्या डिग्रीत बसत नाही

गायकवाड मॅडम कंपनीत आल्या त्या पहिल्याच सकाळी त्यांनी निकम साहेबांचा चेहरा पाडला. चाकणच्या आमच्या प्लँटमध्ये शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळे गेटजवळच्या मोकळ्या जागेत उभे राहतात. सुरक्षेची शपथ होते, नवीन माणसाची ओळख होते. एचआर आणि सेफ्टी दोन्ही सांभाळणारे निकम साहेब माइक हातात घेऊन म्हणाले, की आपल्या दवाखान्यात आता एमबीबीएस डॉक्टर आल्या आहेत, जोरात टाळ्या. टाळ्या सुरूही झाल्या. मॅडमनी हात पुढे करून माइक मागून घेतला.

"मी बीएएमएस आहे. आयुर्वेदाची डॉक्टर. एमबीबीएस नाही. टाळ्या वाजवायच्या तर हे ऐकून वाजवा."

टाळ्या मध्येच विरल्या. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. निकम साहेबांनी माइक परत घेतला आणि काही झालंच नाही अशा आवाजात शपथ सुरू केली. पण त्यांच्या मानेची शीर मला दिसत होती. मी मनात म्हटलं, ही बाई इथे टिकत नाही.

मी त्या दवाखान्यात ब्रदर होतो, अजूनही आहे. ब्रदर म्हणजे पुरुष नर्स. माझ्याकडे डिग्री नाही, नर्सिंगचा डिप्लोमा आहे, त्यामुळे डिग्रीच्या भानगडी मी आयुष्यभर खालून बघत आलोय. आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांत मांडणी साधारण सारखीच. शिफ्टला बसतात ते बीएएमएस नाहीतर बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेदवाले किंवा होमिओपॅथीवाले. आठवड्यातून एक-दोनदा येऊन जातात ते एमबीबीएस, त्यावर कारखान्यांतल्या आजारांचा वेगळा कोर्स केलेले; सही चालते ती त्यांची. आणि खरंच काही झालं तर ज्यांच्याकडे धावायचं ते एमडी, एमएस आणि त्याहून वरचे, पिंपरीकडच्या मोठ्या हॉस्पिटलांत. कामगाराला यातलं काही पडलेलं नसतं. पांढरा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप दिसला की झाला डॉक्टर, आणि त्यानं सुई टोचली तर चांगला डॉक्टर. साहेब लोकांना मात्र सगळं नीट माहीत असतं आणि या घोळाचा त्यांना फायदाच होतो.

मॅडमना हा घोळ सहन व्हायचा नाही. बांध्यानं लहानखुऱ्या, केसांची घट्ट वेणी, आणि आवाज असा की प्रेस शॉपच्या खडखडाटातही ऐकू यावा. कुणाच्या वाढदिवसाच्या कार्डावर सही करायची असली तरी नावापुढे बीएएमएस लिहायच्या. फोनमध्ये झाडून सगळी नावं डिग्रीसकट साठवलेली. एकदा त्यांना फोन लावला तर टेबलावरच्या त्यांच्या फोनवर उमटलं, 'शिंदे जीएनएम', म्हणजे माझं आडनाव आणि माझा नर्सिंगचा डिप्लोमा. मला जरा लागलंच. मी म्हटलं, मॅडम, निदान ब्रदर तरी लिहायचं. त्या म्हणाल्या, "ब्रदर पुष्कळ आहेत. मला अडचणीत कोण काय करू शकतो ते कळायला हवं."

त्यांच्या तोंडी एक वाक्य सारखं असायचं. कुणी येऊन म्हणालं, मॅडम, बायकोचे रिपोर्ट बघा, पोराला झटके येतात त्याचं औषध सांगा, आईच्या डोळ्याचं बघा, की त्या म्हणायच्या, "हे माझ्या डिग्रीत बसत नाही." आणि मग कुणाकडे जायचं, तिथे काय विचारायचं, कुठला कागद न्यायचा, हे सगळं सांगून त्याच्याकडून परत वदवून घ्यायच्या. त्यात त्यांचा जास्त वेळ जायचा. लोकांना वाटायचं बाई अंग चोरते. कँटीनमध्ये पोरांनी त्याची टिंगल सुरू केली. ओव्हरटाइम विचारला की म्हणायचे, "राव, माझ्या डिग्रीत बसत नाही." मलाही तेव्हा त्यांचा राग यायचा, कारण शिव्या खाणारा पहिला माणूस दारात बसलेला मी असायचो.

जे त्यांच्या डिग्रीत बसत होतं तिथे मात्र त्या कुणाच्या बापाला ऐकत नव्हत्या. पित्त, मूळव्याध, उभ्या शिफ्टनं धरलेली कंबर, कूलंटच्या तेलानं फुटलेले हात, यांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सुई मागायला आलेल्याला आधी जेवलास कधी, झोपलास कधी, हे विचारायच्या आणि बऱ्याचदा सुई न देताच पाठवायच्या. तो बाहेर येऊन माझ्यावर डाफरायचा आणि पुढच्या आठवड्यात बरा होऊन गुपचूप पुन्हा त्यांच्याकडेच यायचा.

मराठवाड्यातला एक वेल्डर होता, शुगरवाला. तो एकदा सांगत आला, की चौकातल्या एमडी डॉक्टरनं शुगरच्या गोळ्या अर्ध्या करायला सांगितल्यात. मॅडमनी विचारलं, एमडी कशातले? तो गोंधळला. म्हणाला, "एमडी म्हंजी एमडीच की ओ मॅडम. त्याच्यात आनि कशातले काय?" त्यांनी तिथल्या तिथे त्या डॉक्टरांना फोन लावला. निघाले आयुर्वेदातलेच एमडी, म्हणजे मॅडमच्याच शाखेचे आणि त्यांच्याहून जास्त शिकलेले. मॅडम नीट, सर वगैरे म्हणूनच बोलल्या, पण बोलल्या हेच, की ज्यांनी गोळ्या सुरू केल्या त्यांना विचारल्याशिवाय त्या कमी करायला सांगू नका. पलीकडून जे आलं ते मलाही ऐकू येत होतं. आपल्याच माणसांची अब्रू चव्हाट्यावर मांडता, एमबीबीएसवाल्यांची चाकरी करता, असं बरंच काही. फोन खाली ठेवून मॅडमनी वेल्डरला मूळ डॉक्टरांकडे जायला लावलं. दुपारी डबा न खाता तसाच परत नेला.

त्यांचं हे असं का, ते मला फार उशिरा कळलं. एका दुपारी वीज गेली होती, जनरेटर फक्त मशीनना होता, आणि आम्ही दोघं दवाखान्याच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो. त्यांचे वडील पिंपरीतल्या एका कंपनीत लेथवर होते. पोरगी डॉक्टर झाली तेव्हा त्यांनी सगळ्या वसाहतीत पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून दुसऱ्या डॉक्टरचं तोंड बघितलं नाही. घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचं, असं छाती फुगवून सांगायचे. एका सकाळी त्यांचा उजवा हात जड झाला. मॅडमना वाटलं लेथवर उभं राहून मान धरली असेल. तेल लावलं, शेकलं, झोपवलं. संध्याकाळपर्यंत अर्धं अंग गेलं आणि बोलणंही. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं विचारलं, सकाळीच का नाही आणलं. वडील बोलू शकत नव्हते. मॅडम बोलू शकत होत्या, पण बोलल्या नाहीत.

"बाबांना वाटायचं मी सगळ्याची डॉक्टर आहे," त्या म्हणाल्या. "आणि मलाही ते ऐकायला आवडायचं, शिंदे."

एवढंच बोलून त्यांनी कप विसळला. मी त्या दिवसापासून त्यांच्या त्या वाक्यावर हसायचं बंद केलं.

आता त्या ऑडिटच्या दिवसाबद्दल. आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे लोक प्लँट तपासायला येणार होते. गेटवर आमच्याकडे एक फलक आहे, अपघाताविना किती दिवस गेले त्याचा आकडा रोज बदलतो. तो आकडा तेव्हा चांगलाच फुगला होता. वर्ष पुरं झालं की सगळ्यांना भेटवस्तू मिळणार होती, म्हणून पोरंही त्या आकड्याला जपायची. बारीकसारीक लागलं तर दवाखान्यात न येता हळद दाबून काम करायची. निकम साहेबांचं तर प्रमोशनच त्या आकड्यावर टांगलेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर पेंट शॉपमधून सोपानला घेऊन आले. सोपान जवळच्याच गावचा, शेती कंपन्यांना गेलेल्या घरातला, तिशीचा गडी. डोक्यावरून पुढे सरकणाऱ्या साखळीचा लोखंडी हँगर त्याच्या कानशिलावर बसला होता. हेल्मेट घाम पुसायला काढलेलं. क्षणभर शुद्ध गेली, पडला, मग उठून स्वतःच्या पायांनी चालत आला. रक्त नाही, नुसतं टेंगूळ. हसत होता. "काय न्हाई झालं मॅडम, आमी रानातली मानसं," म्हणाला. त्याचा सुपरवायझरही म्हणाला, बर्फ लावा, लगेच लाइनवर नेतो.

मॅडमनी टॉर्चनं त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या. नाव, गाव, वार विचारला. सगळं बरोबर सांगितलं. मग तोच म्हणाला, "माजा डबा कुटं ऱ्हायला?" सुपरवायझर म्हणाला, लाइनवर आहे, काळजी करू नको. मॅडमनी रक्तदाब घेतला. सोपान परत म्हणाला, "माजा डबा कुटं ऱ्हायला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सोपानला आडवं केलं आणि मला हळूच सांगितलं, ॲम्ब्युलन्स काढायला सांगा.

ॲम्ब्युलन्स काढायची तर निकम साहेबांची परवानगी लागते. ते धावत आले. ऑडिटवाले तेव्हा बाहेर गेटजवळच, त्या फलकाशेजारी उभे होते. साहेबांनी सोपानकडे बघितलं, सोपान त्यांना बघून उठून बसला. साहेब हलक्या आवाजात, अगदी गोड बोलले. की मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात, तुमच्यासारखी डॉक्टर इथे असताना बाहेर पाठवायची गरजच काय. झोपवा, सलाइन लावा, लक्ष ठेवा. पाहुणे चारला जातील, मग न्या हवं तर.

डॉक्टर असताना बाहेर कशाला. मी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

"साहेब, डोक्याचा मार माझ्या डिग्रीत बसत नाही," त्या म्हणाल्या. "वरून काय दिसतं ते मला कळतं. आत रक्त साचतंय का, ते मला दिसत नाही. याला आत्ता न्यावं लागेल."

साहेबांचा गोडवा गेला. म्हणाले, मग तुमचं मत तरी कशाला धरायचं? ज्यांच्या डिग्रीत बसतं त्यांनाच विचारू. आणि त्यांनी बेंद्रे सरांना फोन लावला. बेंद्रे सर म्हणजे आमचे आठवड्याला येणारे एमबीबीएस, साठीचे, कमी बोलणारे. त्या दिवशी ते तळवड्याला दुसऱ्या कंपनीत होते, आणि तिथे फोन गेटवर जमा करून आत जावं लागतं. फोन वाजत राहिला. साहेब म्हणाले, थांबू या.

त्या वेळाएवढा लांब वेळ मी त्या खोलीत दुसरा काढलेला नाही. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी पाहुण्यांना इंग्रजीत फलकाचा आकडा समजावून सांगत होतं. सोपान डोळे मिटायचा, मॅडम त्याला हलवून जागा करायच्या. त्यानं डबा पुन्हा विचारला. साहेब म्हणाले, झोपू द्या हो त्याला, दमलाय. मॅडम दारात जाऊन उभ्या राहिल्या. तिथून एक हाक मारली असती तर पाहुण्यांना ऐकू गेली असती. साहेबांच्याही ते लक्षात आलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं कॉन्ट्रॅक्ट एजन्सीचं आहे, हे विसरू नका." मॅडम दारातून हलल्या नाहीत.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनी तो स्पीकरवर टाकला आणि घाईघाईनं सांगून टाकलं, की सर, किरकोळ आहे, चालत आलाय, बोलतोय, पण मॅडम घाबरल्यात. बेंद्रे सरांनी ते ऐकून घेतलं आणि मॅडमना बोलू द्या म्हणाले. मॅडमनी सांगितलं. हँगरचा मार, क्षणभर शुद्ध गेली, बाहुल्या सारख्या, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा, आता झोप येतेय.

"निकम, गायकवाड काय म्हणाल्या?"

"म्हणतात, माझ्या डिग्रीत बसत नाही."

"मग ते माझ्याही डिग्रीत बसत नाही. मेंदूच्या सर्जनकडे न्या. मी फोन ठेवतोय, तुम्ही गाडी काढा."

ॲम्ब्युलन्स पाहुण्यांच्या समोरून, फलकाला वळसा घालून बाहेर पडली. चाकणच्या चौकात ट्रेलर आडवा अडकला होता. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, मी खाली उतरून दुचाकीवाल्यांना बाजूला काढत होतो, आणि आतून मॅडमचा आवाज येत होता. डब्यात काय होतं सोपान? भाजी कुठली? कुणी केली? सोपानची उत्तरं हळूहळू उशिरा येऊ लागली. "पावट्याची," म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "आईनं." त्यानंतर त्यानं ओकारी केली आणि बोलायचा थांबला.

हॉस्पिटलात इमर्जन्सीला एक तरुण डॉक्टर होता. म्हणाला, स्कॅनचा निर्णय वरचे सर घेतील, ते राउंडला आहेत. मॅडमनी त्याला विचारलं, तुमची डिग्री? पोरगं कानकोंडं झालं, म्हणालं, बीएचएमएस. मला वाटलं आता ह्याची धडगत नाही. पण मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी बीएएमएस. तुमच्या सरांना आपण दोघं मिळून हाक मारू," म्हणाल्या. तो पोरगा जिन्यावरून पळत वर गेला. सर आले. स्कॅन झालं. कवटीच्या आत रक्त साचत होतं. सोपानला सरळ ऑपरेशनला घेतलं. बाहेरच्या बाकावर मॅडम हात मांडीवर उलटे ठेवून बसून होत्या. सोपानची आई आली, ती मॅडमचे पाय धरायला वाकल्यावर त्या एकदम उठल्या. "मी काही केलं नाही हो. मला येत नाही हेच सांगितलं," म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं.

सोपान वाचला. काही महिन्यांनी हलक्या कामावर परतही आला. फलकावर शून्य लागलं, भेटवस्तू गेली, पोरं काही दिवस धुसफुसली आणि सोपान परतला तेव्हा गप्प झाली.

मॅडम मात्र तोवर कंपनीत राहिल्या नव्हत्या. ऑडिटवाल्यांनी विचारलं होतं, यावर सुधारणा काय करणार? निकम साहेबांनी लिहून दिलं, दवाखान्यात यापुढे पूर्णवेळ एमबीबीएस डॉक्टर नेमणार. एजन्सीनं महिनाअखेरीस मॅडमना थांबायला सांगितलं. निकम साहेब स्वतः सांगायला आले होते. म्हणाले, मॅडम, तुम्हीच नाही का म्हणालात, तुमच्या डिग्रीत बसत नाही म्हणून.

मी भडकलो होतो. माझी जीभ सुटणार एवढ्यात मॅडम म्हणाल्या, साहेबांचं बरोबर आहे, इथे एमबीबीएस हवाच, मीही हेच लिहिलं असतं. त्यांनी ड्रॉवरमधला स्टेथोस्कोप, सुंठीची डबी आणि पाण्याची बाटली पिशवीत भरली. साहेब गेल्यावर मात्र बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. खरं बोलल्याची किंमत त्यांना आधीच माहीत होती, पण ती त्यांच्याच वाक्यानं वसूल केली जाईल असं वाटलं नसावं. नवीन आलेला डॉक्टर चांगला आहे, कामाचा आहे, माझी काही तक्रार नाही. तरी मला तो अन्याय वाटला आणि अजूनही वाटतो.

मध्यंतरी पिंपरीत एका कामासाठी गेलो होतो, तेव्हा त्यांच्या वसाहतीत डोकावलो. तळमजल्याच्या खोलीत त्यांनी दवाखाना काढलाय. दारावरच्या पाटीवर नावापेक्षा डिग्रीची अक्षरं मोठी. दाराशी खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, उजवा हात मांडीवर निर्जीव, पायाशी काठी. मी "नमस्कार" म्हटलं. त्यांनी डाव्या हातानं "जयभीम" केला. आतल्या पडद्याखालून मॅडमच्या चपला दिसत होत्या, त्या कुणालातरी तपासत होत्या.

मी आत जायला निघालो तर म्हाताऱ्यांनी काठी आडवी घातली. शब्द एकेक करून, ओढून ओढून बाहेर काढत म्हणाले, "पोरगी... आयुर्वेदाची हाय. बीएएमएस." मी म्हटलं, माहीत आहे बाबा. तरी काठी हलेना. त्यांनी माझा चेहरा नीट निरखला, मग माझ्या छातीकडे बोट केलं.

"हितं दुखतंय का? हात... जड झालाय का?"

मी नाही म्हटलं.

"आसंल तर... हितं बसू नका. मोठ्या दवाखान्यात जा. आत्ताच."

आणि मी खरंच बरा आहे याची खात्री पटल्यावर त्यांनी काठी बाजूला घेतली.